बिऱ्हाडाचा जमाखर्च

गेल्या वर्षी आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि नवी वास्तू उभी राहीपर्यंत कोठेतरी बिऱ्हाड मांडणे आम्हांस प्राप्त झाले. दलालाच्या मागून जिने चढता-उतरताना एक गोष्ट ध्यानात आली. कायमचे घर पाहताना माणूस काय मिळेल ते मोजतो. तात्पुरते घर पाहताना मात्र कशावाचून निभावेल, याचाच हिशेब चालतो. चर्चजवळची जागा घ्यावी तर तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे आड येतात. तळमजला घ्यावा तर मुलांच्या शाळेला दोन बसगाड्या बदलाव्या लागतात. 'तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे' हे वाक्य त्या दिवसांत आमच्या घरी इतक्या वेळा उच्चारले गेले की पुढे पुढे त्या वाक्याचीच आम्हांस धास्ती वाटू लागली. त्याच सुमारास व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' ही १९६१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आम्ही पुन्हा वाचावयास घेतली, आणि पूर्वी वाचली होती ती हीच का, असा प्रश्न पडला.

या कादंबरीविषयी सामान्यतः सांगितले जाते ते असे: त्रिनिदाद बेटावरील एक गरीब भारतीय वंशाचा माणूस आयुष्यभर झगडतो आणि मरण्यापूर्वी स्वतःच्या मालकीचे घर मिळवतो. हे खोटे नाही. पण पुस्तक उघडून पाने मोजली तर ते स्वतःचे घर शेवटी थोडा वेळच दिसते. उरलेली सगळी कादंबरी बिऱ्हाडांची आहे. आईबरोबर पागोटेस गावी, मावशीच्या मेहेरबानीवर काढलेले दिवस, अरवाकासचे सासर, म्हणजे तुलसी कुटुंबाचे हनुमान हाऊस, द चेस येथील दुकान, ग्रीन व्हेलची बराक, शॉर्टहिल्स, पोर्ट ऑफ स्पेनमधील सासूच्या मालकीच्या खोल्या. यांतील प्रत्येक ठिकाणी मिस्टर बिस्वास 'सध्यापुरते' राहतात. (कादंबरीकार त्यांना पाळण्यातल्या वयापासून 'मिस्टर' म्हणतो, तेव्हा आम्हीही अहो-जाहो सोडत नाही.)

तात्पुरतेपणाची ही सवय नायपॉल यांनी एकट्या बिस्वासांच्या माथी मारलेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. १८४५ ते १९१७ या काळात भारतातून गिरमिटिया मजूर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. करार संपला की परत जायचे, या बोलीवर आलेली ही माणसे. हनुमान हाऊससमोर संध्याकाळी जमणारे म्हातारे देशी परतण्याच्याच गोष्टी बोलतात. पण परतण्याची संधी येते तेव्हा त्यांतले पुष्कळ जण मागे सरतात. अंगवळणी पडलेली गैरसोय त्यांना अनोळखी किनाऱ्यापेक्षा बरी वाटते. हा प्रसंग अवघ्या काही ओळींत आटोपतो, परंतु आमच्या मते साऱ्या पुस्तकाची किल्ली तेथे आहे. द चेसच्या दुकानात बिस्वास सहा वर्षे काढतात आणि सहाही वर्षे त्यांची समजूत हीच की खरे आयुष्य अजून सुरू व्हायचे आहे. तेवढ्या अवधीत दोन मुले जन्मलेली असतात.

मग या तडजोडीची किंमत कोण मोजतो? या प्रश्नाला नायपॉल यांनी दिलेले उत्तर नाताळातल्या एका प्रसंगात आहे. बिस्वास तेव्हा ग्रीन व्हेलच्या मळ्यावर मुकादमी करीत बराकीच्या एका खोलीत राहतात. पत्नी शमा आणि मुले बहुतेक काळ हनुमान हाऊसमध्येच असतात. सोय म्हणून केलेली ही व्यवस्था. पोटापाण्याची काळजी मिटते, मुले भावंडांत वाढतात. नाताळच्या दिवसांत बिस्वास दुकानात शिरतात आणि ऐपतीचा विचार न करता सावी या लेकीसाठी बाहुलीचे घर विकत घेतात. हनुमान हाऊसमध्ये सगळ्या मुलांना सारखीच किरकोळ भेट देण्याचा रिवाज. तेथे हे घर येऊन पडते आणि मावश्यांची तोंडे फिरतात. बिस्वास निघून जातात. राहायचे असते शमाला. पुढच्या खेपेस ते येतात तेव्हा बाहुलीचे घर अंगणात मोडून पडलेले असते, आणि ते मोडणारे हात दुसऱ्या कोणाचे नसून शमाचे असतात.

पूर्वी वाचताना शमाचा आम्हांला राग आला होता. या वेळी आला नाही. दुसऱ्याच्या छपराखाली राहणाऱ्या बाईला रोज त्याच चुलीपाशी बसायचे असते. लेकीचे खेळणे मोडून तिने त्या घरातली आपली जागा राखली. बापाला हौस करता आली, कारण दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या पंगतीत तो नव्हता. नायपॉल हे कोठेही समजावून सांगत नाहीत. मोडकी लाकडे दाखवतात आणि पुढे जातात. आमच्या मते इतका निर्मम आणि इतका न्यायी प्रसंग या कादंबरीत दुसरा नाही.

आपल्या वाचकांना एका तपशिलाचे विशेष वाटेल. तुलसी मंडळी कडवी सनातनी, पूजापाठ अखंड. तरीही घरची मुले कॅथलिक महाविद्यालयात शिकतात आणि धाकटा परीक्षेच्या वेळी गळ्यात क्रूस घालतो. बिस्वास यावरून सासरची यथेच्छ टिंगल करतात. आम्हांलाही हसू आले, आणि लगेच थोडे टोचलेही. क्रूस असा ताइतासारखा भाड्याने वापरलेला पाहणे सुखाचे नाही. पण परीक्षेच्या दिवसांत आपल्याकडेही मेणबत्त्यांचा खप वाढतोच.

पोर्ट ऑफ स्पेनचा भाग काहीसा लांबला आहे. शॉर्टहिल्सचे प्रकरण तर निम्मे केले असते तरी चालले असते, असे आमचे मत. मात्र त्यात एक गोष्ट अचूक आहे. भाडेकरूने परक्या अंगणात गुलाब लावावेत काय? बिस्वास लावतात, आणि लॉऱ्या उभ्या करायला जागा हवी म्हणून एके दिवशी ते तोडले जातात. पुढे मेहुणा ओवाद विलायतेहून परतणार म्हणून घराची डागडुजी निघते, आणि बिस्वासांना कुटुंबासह काही काळ एका चाळवजा इमारतीत हलवले जाते. परत येतात ते पूर्वीपेक्षा कमी जागेत. बिऱ्हाडकरूला 'थोडे दिवस' बाहेर काढले की परतताना त्याची जागा आकसलेली असते, हे नायपॉल यांना पक्के ठाऊक होते. त्यांचे वडील सीपरसाद पत्रकार होते आणि कादंबरीचा कच्चा माल त्यांच्याच आयुष्यातून आलेला आहे.

अखेरीस सिकिम स्ट्रीटवरचे घर साडेपाच हजार डॉलरला घेतले जाते. पाहिल्या वेळी ते मोहक वाटते. राहायला गेल्यावर कळते की काही खिडक्या मिटत नाहीत, एक दार उघडत नाही आणि मागचा जिना कसाबसा लटकलेला आहे. अर्थात मालकीचे घर हीदेखील तडजोडच निघाली, आणि तीही कर्जाची. तरी नायपॉल येथे विनोद करून थांबत नाहीत. या माणसाला आपल्या जागेत मरण आले, एवढ्याच गोष्टीला ते जवळजवळ मंगलगानाचा सूर देतात. तो सूर आम्हांला मान्य आहे.

आमची तक्रार निराळी आहे. या खरेदीला शमाचा विरोध होता. तो विरोध अज्ञानापोटी होता असे वाचकाला वाटावे, अशी मांडणी येथे झाली आहे. वस्तुतः साऱ्या कुटुंबात घरांचा व्यवहार तिच्याइतका कोणालाच कळत नव्हता. शहरात आल्यावर आईच्या इमारतींची भाडी गोळा करणे, वह्या लिहिणे हे काम तीच करीत होती. दिवसभर इतरांच्या बिऱ्हाडांचा हिशेब लिहून रात्री स्वतःच्या उसन्या खोलीत परतणारी ही बाई. तिच्या मनात नायपॉल यांनी क्वचितच डोकावून पाहिले. बिस्वासांचे प्रत्येक स्वप्न आम्हांला ठाऊक होते. शमाला कोणते घर हवे होते, हे इतक्या मोठ्या कादंबरीत कोणी तिला विचारत नाही.

एकदाच तिचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, आणि तोही पुस्तकाच्या अगदी आरंभी, म्हणून शेवटास पोहोचेपर्यंत वाचक तो विसरतो. नवऱ्याची नोकरी गेली आहे, घरावर कर्ज आहे, आजार बळावला आहे. अशा वेळी शमा माहेरी धाव घेत नाही. बटाटे घाऊक घेऊन किरकोळीने विकले तर पौंडामागे किती सुटेल, याची ती आकडेमोड करू लागते.