वेदनेचे मापन आणि रुग्णाचा शब्द

हेन्री बीचर यांचा व्यक्तिनिष्ठ प्रतिसादांच्या मापनाविषयीचा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील या बधिरीकरणतज्ज्ञांचा आग्रह असा की, वेदनाशामक औषधाची कसोटी शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर घ्यावी. प्रयोगशाळेत मुद्दाम उत्पन्न केलेली वेदना तिची जागा घेऊ शकत नाही. जखमेबरोबर येणारी चिंता प्रयोगशाळेत निर्माण करता येत नाही, हे त्यांनी अचूक ओळखले. रुग्णाच्या शब्दाला प्रमाण मानणे, हे या पद्धतीचे मोठेपण होय.

परंतु तो शब्द ऐकला किती जातो? बीचर व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांत मात्रा दिल्यावर ४५ व ९० मिनिटांनी रुग्णास विचारीत. वेदना निम्म्याने वा अधिक ओसरली असल्यास ‘आराम’ अशी नोंद होई. मात्रा मॉर्फीनची की औषधगुणरहित, हे विचारणाऱ्यासही ठाऊक नसे. पूर्वग्रह टाळण्याची ही व्यवस्था स्तुत्य आहे. उणीव आहे ती प्रश्नात. त्यात वेदनेचे प्रमाण येते, तिची जात येत नाही.

ही उणीव रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत बऱ्याच अंशी भरून काढली. तीत वेदनावाचक ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. तथापि ते शब्द इंग्रजी भाषकांचे. मराठीत कळ येते, चमक निघते, ठणका लागतो, सल राहतो. नामाबरोबर क्रियापद बदलते आणि वेदनेची गती व कालावधी त्यातूनच कळतो. इंग्रजी विशेषणांस कोशातील प्रतिशब्द जोडल्याने ही व्यवस्था हाती लागणार नाही.

अलीकडील चाचण्यांत शून्य ते दहा ही अंकश्रेणी रूढ आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सुझेट्रिजिन हे औषध पोटाच्या व पायाच्या अंगठ्याच्या शस्त्रक्रियांनंतर ४८ तास अशाच अंकांनी तपासले गेले. अंकामुळे तुलना सुकर होते, हे निर्विवाद. परंतु टाक्यांची ओढ आणि हाडातील ठणका हे दोन्ही ‘सहा’ या अंकात एकरूप होतात. औषध एकावर लागू पडून दुसऱ्यावर निष्फळ ठरले, तर सरासरीतून ते दिसणार नाही. आणि ठणक्याने जागा राहिलेला रुग्ण त्या सरासरीचाच एक भाग होऊन जाईल.

म्हणून अंकाशेजारी रुग्णाचा स्वतःचा शब्द नोंदविणे आवश्यक ठरते. मराठीपुरते पाहता, ते शब्द रुग्णाच्या खाटेशी बसूनच गोळा करावे लागतील. ते काम वैद्यकाइतकेच भाषाशास्त्राचेही आहे.