तंबोरे जुळेपर्यंत

आजचा विषय 'मैफलीतल्या अडचणी' असा जाहीर झालाय. त्यामुळे आता तासभर कलावंतांचं रडगाणं ऐकावं लागणार, अशी धास्ती काहींनी घेतली असेल. माईक खराब, मानधन उशिरा, चहा गार. हे सगळं खरंच आहे, पण तेवढ्यासाठी व्याख्यान कशाला? ते विंगेत बोलून होतं, आणि रोज होतं.

आम्ही पेटीची साथ करणारी माणसं. गायकाच्या डाव्या हाताला आमची जागा. पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही, त्यामुळे ऐकणं भरपूर होतं. त्या जागेवरून आमचं जे मत झालंय ते असं, की या अडचणी गाण्याच्या बाहेर उभ्या राहत नाहीत. त्या गाण्यात शिरतात, ख्यालाचा आकार बदलतात. आणि परीक्षण लिहिणारे ते सगळं गायकाच्या नावावर मांडतात. सुरुवातीला आवाज लागला नाही, मध्यंतरानंतर मैफल रंगली, या अर्थाचं वाक्य तुम्ही कितीदा वाचलं असेल! आवाज का लागला नाही, याची चौकशी सहसा होत नाही. आज ती करू.

तंबोऱ्यापासून सुरुवात करू. चार तारा. पहिली पंचमाची, मधली षड्जाची जोडी, शेवटची खर्जाची. राग पाहून पहिली तार मध्यमात किंवा निषादातही लावतात. खुंटी पिळून तार सुराजवळ आणायची, मणी सरकवून बारीक फरक काढायचा, मग घोडीवर तारेखालचा दोरा हलवून जवारी खुलवायची. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार ऐकू येऊ लागतो. तो कुणी छेडलेला नसतो, तरी असतो. गायक आपला गंधार तिथे मिळवून बघतो. दोन तंबोरे असतील तर ते एकमेकांशीही जुळायला हवेत. हे काम घाईत होत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, आपल्या सगळ्यांना आनंद झाला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, मिरजेच्या कारागिराचा हात, एवढं सगळं त्या वाद्यात असतं. त्याला मंचावर जुळायला आपण किती मिनिटं देतो?

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. वाद्यं आतल्या खोलीत, पंख्याखाली जुळवून आणलेली असतात. मंचावर वरून प्रखर दिवे. धातूची तार तापली की सैलावते, सूर उतरतो. तबल्याची पुडी तापून कोरडी झाली की ताणते, सूर चढतो. म्हणजे एकाच दिव्याखाली तंबोरा खाली निघाला आणि तबला वर. कोकणात, गोव्यात दमट हवेत उघड्या मांडवात कार्यक्रम असला तर पुडी ओल धरते आणि तबलाच उतरतो. आमची पेटी मात्र जिथल्या तिथे, कारण तिचे सूर मंचावर हलवता येत नाहीत. पेटी मुळात जराशी चढी असेल तर बाकी सगळ्यांनी तिच्यापर्यंत यायचं, असा हा न्याय. (पेटीला १९४० साली रेडिओवर बंदी आली होती, तेव्हाच्या आक्षेपांत हा हटवादीपणाही होता. आम्हाला तो आक्षेप पूर्णपणे खोडता येत नाही.) या सगळ्यांच्या मधोमध गायक बसलेला.

वाद्यं मंचावर आल्यावर दहा-पंधरा मिनिटं शांतता मिळाली तर हे सगळं मार्गी लागतं. नेमकी तीच दहा-पंधरा मिनिटं आपण दुसऱ्या कामाला लावलेली असतात. पडदा उघडतो, कलाकार वाद्यं घेऊन बसलेत, आणि निवेदक दीपप्रज्वलनाला पाहुण्यांना बोलावतो. समईसाठी जागा हवी म्हणून तंबोरे सरकवा. खुर्च्या आणा. प्रायोजकांचं मनोगत. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, तेही गायकाला आधी, साथीदारांना नंतर, आणि तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावं निवेदकाच्या चिठ्ठीवर नसतातच. आत तासभर गुणगुणून आवाज तापवून आलेला माणूस पंचवीस मिनिटं एसीच्या झोतात हात जोडून बसतो. मग निवेदक म्हणतो, 'आता आपण अधिक वेळ न दवडता...'

सत्कार करू नका असं कोण म्हणतंय? मध्यंतरात करा. मैफलीच्या आधी करायचाच असेल तर वाद्यं मांडण्यापूर्वी करा.

या उशिराची किंमत कोण भरतं, ते हिशेबानं बघू. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं. वीस मिनिटं गेली म्हणजे वीस आवर्तनं गेली. तेवढ्यात किराणा घराण्याचा गायक मंद्रातून सावकाश वर येत मध्य सप्तकात राग उभा करतो. हा भाग तानांसारखा टाळ्या घेणारा नसतो, म्हणून वेळ कमी पडला की कात्री आधी त्याला लागते. गायक शहाणा असतो. सभागृह सोडायची वेळ त्याला माहीत असते. तो चार-पाच आवर्तनांत स्थायी-अंतरा उरकतो, द्रुतात जातो, एक नाट्यगीत, एक अभंग, भैरवी. दुसऱ्या दिवशी परीक्षणात येतं की हल्लीच्या पिढीत बढतीचा संयम उरला नाही. अहो, संयम त्या पिढीकडे असेलही, वेळ निवेदकाकडे होता!

आता साउंड. नाटकाच्या थिएटरात मागचा प्रयोग संपून मंच मोकळा होईपर्यंत आमचं सत्र सुरू झालेलं असतं, म्हणजे ध्वनिचाचणी प्रेक्षकांच्या देखत. साउंडवाला बिचारा काल ऑर्केस्ट्रा करून आलेला असतो, त्याच सवयीनं तो डग्ग्याचा घुमारा वाढवतो आणि गायकाच्या आवाजावर एको घालतो. ख्यालात एको म्हणजे आधीचा सूर पुढच्या सुरावर सांडणं. मींड पुसली जाते, श्रुतीचा फरक कळेनासा होतो. पेटीचा माईक पट्ट्यांना इतका चिकटवतात की सुराआधी पट्ट्यांची खटखट ऐकू यावी. गायक आलाप करता करता डाव्या हातानं मॉनिटर वाढवायची खूण करतो, साउंडवाल्याला ती दाद वाटते. मग शिट्टी वाजते आणि सगळे माना वळवून बघतात. या प्रत्येक खुणेला गायकाचं लक्ष रागातून बाहेर येतं. एका आलापात तीन वेळा बाहेर आलेला माणूस तोच स्वरसमूह पुन्हा घेतो, आणि आपल्याला वाटतं कल्पना संपली.

यावर मंडळींनी उपाय शोधलाय, आणि आमची खरी तक्रार त्या उपायाबद्दल आहे. यंत्रातला तंबोरा. रियाजाला तो उत्तम, प्रवासातही उत्तम. विमानाच्या सामानातून आलेला भोपळा फुटलेला पाहिलेल्या माणसाला कुणी नावं ठेवू नयेत. पण आता मंचावर काय दिसतं? मागे दोन देखणे मिरजी तंबोरे, त्यांवर दोन शिष्य, आणि गायकाच्या मांडीशी मोबाईल. मॉनिटरमधून मोबाईलचा तंबोरा इतका मोठा येतो की खरे तंबोरे जुळलेत की नाही, याची गरजच कुणाला उरत नाही. काही ठिकाणी त्यांचे माईकही बंद असतात. तंबोरे मंचावरच्या फुलांसारखे शोभेला ठेवले जातात. जुळवायला वेळ मिळत नाही म्हणून यंत्र आलं, आणि यंत्र आहे म्हणून वेळ द्यायचं कारण संपलं. मागे बसलेली ती मुलगी तासभर तार छेडते, पण आपण छेडलेला सूर गुरूच्या कानी पोचतो की नाही, हे तिला कळत नाही. पूर्वी तंबोऱ्यावर बसणं हेच शिक्षण होतं. गुरूनं मान वळवून तिच्या तारेकडे बघितलं की ती तार ओरखडल्यासारखी मनात राहायची.

कुणी म्हणेल, जुन्यांनी काय एसीत गायलं? बालगंधर्वांची नाटकं वन्स मोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालायची, त्यांना कुठे मॉनिटर होता? बरोबर. पण त्यांच्याकडे रात्र होती! गैरसोयी पुष्कळ होत्या, घड्याळ नव्हतं. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनजींनी १९५३ साली सुरू केला, आणि पुढे कितीतरी वर्षं तो रात्रभर चालत असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आली. वर्षातले फार तर १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. नियम वाईट नाही, कर्ण्यांनी झोप उडालेल्या माणसाची बाजू त्यात आहे. पण उघड्या मांडवातली रात्र गेली, आणि तिच्याबरोबर उत्तररात्रीचा सोहनी, परज त्यांच्या वेळेला ऐकणं गेलं. गंमत अशी, की सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्या आत ऐकू जाणाऱ्या आवाजाला तो नियम आडवा येत नाही. तरीही दहा वाजता दिवे मालवायची घाई बंद सभागृहातच जास्त दिसते. तिथे अडचण कायद्याची नाही, सत्राच्या भाड्याची आणि शेवटच्या बसची आहे.

आमच्या बाजूचे लोकही धुतल्या तांदळाचे नाहीत. जुळवणीच्या नावाखाली माईकवर किस्से सांगणारे गायक आहेत. काळी चारच्या गायिकेला काळी एकचा तबला घेऊन पोचलेले तबलजी आहेत, आणि गायक समेवर येत असताना हातोडी ठोकणारेही. त्यांना सहानुभूती मागायचा हक्क नाही. फर्माईशींचं, पहिल्या रांगेतल्या फोनचं, पाकिटातल्या आकड्याचं बोलायचं ठेवलं होतं, पण ते तुम्हाला माहीत आहे.

परीक्षण लिहिणाऱ्यांकडे एक मागणं आहे. गाणं कसं झालं हे लिहिताना जाहीर वेळ कोणती, पहिला षड्ज कधी लागला, तंबोरे खरे ऐकू येत होते की यंत्रातले, विलंबिताला किती मिनिटं मिळाली, एवढं लिहा. चार ओळी पुरतात. अमुक संस्थेच्या कार्यक्रमात सत्कार पंचेचाळीस मिनिटं आणि बडा ख्याल बावीस मिनिटं, असं दोनदा छापून आलं तर तिसऱ्या वर्षी पत्रिका आपोआप बदलेल. आणि आयोजकांनी पत्रिकेत आठ ते सव्वाआठ 'वाद्यजुळवणी' असं सरळ छापावं, पडदा उघडा ठेवावा. श्रोत्यांनाही ऐकू दे दोन तंबोरे एकमेकांजवळ कसे येतात ते. बहुतेक जण त्या वेळात फोन बघतील. काही जण गंधार कधी ऐकू येतो याची वाट बघतील.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत माईक पोचतोय का?