शार्दां यांचे ‘ल बेनेदिसिते’: गृहचित्र आणि कथनाचा आग्रह

झां सिमेओं शार्दां (१६९९–१७७९) यांचे ‘ल बेनेदिसिते’, म्हणजे भोजनापूर्वीची प्रार्थना, हे चित्र १७४० मध्ये पॅरिसच्या ‘सालों’ या प्रदर्शनात मांडले गेले व त्याच वर्षी राजा पंधरावा लुई यास भेट देण्यात आले. आज ते लूव्ह्र संग्रहालयात आहे. अंधुक, तपकिरी खोली. पांढरे वस्त्र अंथरलेले मेज. वाढण्यासाठी वाकलेली आई. बसलेली थोरली मुलगी. हात जोडलेले धाकटे मूल आणि त्याच्या खुर्चीला टांगलेला खेळण्यातला ढोल. घटना म्हणावी असे येथे काही घडत नाही.

१७४४ मध्ये लेपिसिए यांनी या चित्रावरून कोरीव मुद्राचित्र केले. त्याखाली चार ओळींचे पद्य छापलेले आहे. बोबड्या बोलांत प्रार्थना म्हणणाऱ्या भावाला बहीण चोरून हसते, तो मात्र भुकेपोटी प्रार्थना उरकतो, असा त्याचा आशय. चित्रात थोरलीच्या मुद्रेवर हसू स्पष्ट रेखलेले नाही. धाकट्याच्या अंगात झगा आहे. त्या काळी लहान मुलगेही झगा घालीत, म्हणून ढोलावरून तो मुलगा असावा असे अनुमान करता येते, इतकेच. पद्याने या अनुमानाचे विधान केले आणि स्तब्ध क्षणाला विनोदी प्रसंगाचे रूप दिले.

हा आग्रह एकट्या पद्यकाराचा नव्हे. १७६१ च्या सालोंमध्ये शार्दां यांनी ‘ल बेनेदिसिते’ची एक आवृत्ती पुन्हा मांडली. त्याच प्रदर्शनात ग्र्योझ यांचे ‘गावातील वाग्दत्ता’ हे चित्र होते. हुंडा देणारा पिता, जावई, नोटरी अशी त्यातील पात्रे दिदेरो मनोभावांसह विस्ताराने उलगडतात. शार्दां यांच्या वाट्याला मात्र मोजक्या ओळी येतात: निसर्गाचे प्रामाणिक अनुकरण, खडबडीत हाताळणी आणि सामान्य, घरगुती विषय. पुढे शार्दां यांच्या वस्तुचित्रांचा मुक्तकंठाने गौरव करणाऱ्या दिदेरोंनाही या गृहचित्राविषयी फारसे सांगण्यासारखे आढळले नाही, हे लक्षणीय आहे.

साहित्याकडून चित्राकडे वळणाऱ्या तौलनिक अभ्यासकापुढे हाच धोका असतो. चित्राला संहिता मानले, की कथन म्हणजेच अर्थ, हे गृहीतक नकळत स्वीकारले जाते. मग ज्यात कथा नाही ते आशयहीन ठरते. शार्दां यांच्या चित्राचा आशय प्रतीक्षेत आहे. आईचे थांबणे आणि मुलाचे हात जोडणे यांतून एक संस्कार पिढीकडून पिढीकडे जातो. तो रोजचाच असल्यामुळे त्याची कथा होत नाही.