तितुलुस : पाटी लिहिणारा कोण?

लॅटिन ‘तितुलुस’ला मराठीत ‘शीर्षक’ म्हटले की आपले काम भागते. इंग्रजी ‘टायटल’ त्यातूनच आले असल्यामुळे हा अर्थ चुकीचा नाही. पण अपुरा आहे. शीर्षक मजकुराच्या माथ्यावर असते. तितुलुस माणसाच्या गळ्यातही असे.

रोममध्ये विक्रीला उभ्या केलेल्या गुलामाच्या गळ्यातल्या पाटीला हाच शब्द होता. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा एक आदेश ऑलस गेलिअसने नोंदवला आहे : गुलामाचा आजार, व्यंग, पळून जाण्याची खोड ग्राहकाला स्पष्ट कळेल असा तितुलुस लिहावा. स्वेटोनिअस सांगतो, चांदी चोरणाऱ्या गुलामाचे हात कॅलिगुलाने तोडून त्याच्याच गळ्यात अडकवले आणि गुन्हा सांगणारी पाटी पुढे धरून त्याला मेजवानीत फिरवले. हाच लेखक इ.स.पू. 46 मधल्या सीझरच्या विजययात्रेत पुढे मिरवलेल्या तीन शब्दांच्या फलकालाही तितुलुसच म्हणतो.

विक्री, शिक्षा, गौरव या तिन्हींना शब्द एकच. कारण तिन्ही ठिकाणी पाटी लिहिणाऱ्याच्या हाती सत्ता आहे.

येशूच्या क्रुसावरील पाटीला मार्क ‘एपिग्राफे’ हा ग्रीक शब्द वापरतो. योहान मात्र ग्रीकमध्ये लिहितानाही ‘तित्लोस’ हे लॅटिन रूप घेतो, आणि पाटीवरचा वादही तोच सांगतो. ‘यहुद्यांचा राजा’ असे न लिहिता ‘तो तसे म्हणत होता’ असे लिहा, ही मुख्य याजकांची मागणी पिलाताने धुडकावली. पाटी तीन भाषांत होती. बदलण्याचा अधिकार एकट्याचा होता. हे नाट्य ‘शीर्षक’ या शब्दात मावत नाही.

शब्दाच्या मुळाविषयी एकमत नाही. तो एट्रुस्कन भाषेतून आला असावा, हा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. त्यामुळे अर्थ व्युत्पत्तीत न शोधता वापरात शोधावा लागतो. त्या वापराचा एक धागा आपल्याकडेही पोचला आहे. जमीन घेताना आपण ‘टायटल क्लिअर आहे ना?’ असे विचारतो, तेव्हा मथळ्याची नव्हे, मालकीची चौकशी करत असतो. म्हणून भाषांतरकाराने संदर्भ पाहून ‘पाटी’, ‘फलक’ किंवा ‘हक्क’ निवडावा. ‘शीर्षक’ पुस्तकापुरते राखून ठेवावे.