‘रॉक बॉटम’: किंकाळी नव्हे, रचना

रॉबर्ट वायट या इंग्रज ड्रमवादक-गायकाची ‘रॉक बॉटम’ ही तबकडी २६ जुलै १९७४ रोजी निघाली. त्याआधी, १ जून १९७३ रोजी, लंडनमधील एका मेजवानीत तो दारूच्या अमलात खिडकीतून कोसळला आणि कमरेखाली कायमचा लुळा झाला. तेव्हापासून ही तबकडी म्हणजे अपघाताची किंकाळी, असे सांगितले जाते. माझा वाद या सांगण्याशी आहे.

हे सांगणे मला ओळखीचे आहे. दलित कवीची कविता वाचून ‘केवढे भोगले हो!’ म्हणणारा प्रस्थापित समीक्षक तिच्या लयीविषयी, प्रतिमांविषयी अवाक्षर काढत नाही. वेदना हाच त्याच्या लेखी कच्चा माल आणि पक्का मालही. कलावंत हिशेबातून वजा!

वस्तुस्थिती अशी की यातले बरेचसे संगीत अपघातापूर्वीचे आहे. १९७२-७३ च्या हिवाळ्यात वायटची सहचरी आल्फ्रेडा बेंज व्हेनिसमध्ये एका चित्रपटाच्या कामावर होती. तेथे तिने आणून दिलेल्या लहानशा ऑर्गनवर त्याने ही गाणी जुळवायला घेतली. अपघाताने गाणी दिली नाहीत. वाजवण्याची रीत बदलली. पायाने वाजवायचा ड्रम सुटला. उरली हाताची तालवाद्ये, ऑर्गन आणि गळा. जाझची मोकळीक, सायकेडेलिक रॉकचे तरंगणे, प्रोग्रेसिव्ह रॉकची लांब बांधणी, सारे येथे आहे; बोटांच्या कसरतीचा माज तेवढा नाही. ‘सी साँग’च्या अखेरीस शब्द संपतात आणि नुसता आवाज चढत जातो. ‘अलिफिब’मध्ये तर श्वासच ताल होतो, त्यावर ह्यू हॉपरचा बास गाऊ लागतो. याला किंकाळी म्हणायचे?

आणि माँगेझी फेझा! हा काळा दक्षिण आफ्रिकी ट्रम्पेटवादक. ‘ब्लू नोट्स’ या काळ्या-गोऱ्यांच्या मिश्र पथकाने १९६४ मध्ये वर्णभेदी राजवटीतून देश सोडला, त्यात तो होता. १९७५ मध्ये लंडनमध्येच वारला. ‘लिटल रेड रायडिंग हूड हिट द रोड’मध्ये त्याच्या ट्रम्पेटचे थरावर थर चढतात. तो साथ करीत नाही, गाण्याचा ताबा घेतो. तबकडीच्या कौतुकात त्याचे नाव बहुधा तळटीपेत जाते, हे मला खटकते.

‘अलाइफ’मध्ये वायट बेंजची आळवणी करतो, तेव्हा ती स्वतःच्या आवाजात उत्तर देते, आणि त्याची हक्काची वस्तू होण्यास साफ नकार देते. पुरुषाच्या प्रेमगीतात बाईचा नकार तसाच राहू देणे ही साधी गोष्ट नव्हे.

त्याच वर्षी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, दुसऱ्या एका गाण्यासाठी गेलेल्या वायटच्या चाकाच्या खुर्चीवर निर्मात्याने हरकत घेतली: कुटुंबांनी पाहण्याजोगे दृश्य नाही म्हणे. शिवाशिव काही एकाच देशाची मिरास नाही. वायट खुर्चीतूनच गायला.

तबकडीचा शेवट मात्र आयव्हर कटलरच्या विक्षिप्त पठणाने आणि फ्रेड फ्रिथच्या व्हायोलाने होतो. मग हसणे ऐकू येते.