‘पाणी नक्की येते कोठून?’ : मालवण किनाऱ्यावरील प्राथमिक जलशिक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना

पर्यावरण शिक्षण हा शालेय शिक्षणाचा अनिवार्य भाग असावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली व पुन्हा २००३ साली दिले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने परिसर अभ्यासाचा पाया मुलांच्या प्रत्यक्ष अनुभवात असावा, अशी भूमिका घेतली. २०१४ पासून आलेल्या बालभारतीच्या पुस्तकांत तिसरीसाठी ‘पाणी नक्की येते कोठून?’ आणि चौथीसाठी ‘साठवण पाण्याची’, ‘पिण्याचे पाणी’, ‘घरोघरी पाणी’ असे पाठ होते. तिसरीच्या पाठाचे शीर्षक हा खरोखरच मूलभूत प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र प्रत्येक गावात वेगळे असते आणि ते पुस्तकात नव्हे, तर गावातच शोधावे लागते. मालवण किनाऱ्याचा विचार करता, आपले जलशिक्षण हा प्रश्न विचारते आणि उत्तराऐवजी उपदेश देते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

सवय की व्यवस्था?

शालेय भित्तिपत्रके, घोषवाक्ये व निबंधस्पर्धा यांतून पोहोचणारा जलसंदेश बहुधा एकच असतो : दात घासताना नळ बंद ठेवा, पाणी जपून वापरा. हा संदेश चुकीचा नाही. तो अपुरा आहे. त्यामागील गृहीतक शहरी आहे. धरण, टाकी, नळ अशी साखळी त्यात गृहीत धरली जाते. मालवण तालुक्यातील अनेक घरांत आजही पाण्याचा विचार परसातल्या बावीपासून सुरू होतो. जिथे घरातील स्त्री घागर मोजून पाणी भरते, तिथल्या मुलाला काटकसर शिकविण्याचे प्रयोजन मर्यादित आहे. उलट, टंचाईचे कारण वैयक्तिक उधळपट्टी हेच आहे, असा समज त्याच्या मनात रुजतो. सर्वांत कमी पाणी वापरणाऱ्यावरच दोषाचा भार येतो आणि व्यवस्था नजरेआड राहते.

वस्तुतः सिंधुदुर्गात वार्षिक पाऊस सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक बावी तळ गाठतात. सड्यावर पडलेले पाणी जांभ्याच्या छिद्रांतून व भेगांतून मुरते, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडते, उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते आणि व्हाळातून, मळ्यातून खाडीला मिळते. भूमीचा उतार तीव्र आणि समुद्र जवळ, म्हणून हा प्रवास अल्पावधीत संपतो. येथील मुख्य प्रश्न पाणी किती पडते हा नसून ते किती काळ थांबते हा आहे. सडा, व्हाळ, मळा, खाडी ही मुलांच्या बोलीतील शब्दसंपदाच येथील जलव्यवस्थेची आकृती होय. वर्गात या शब्दांना ‘अशुद्ध’ ठरवून केवळ ‘ओढा’ व ‘विहीर’ स्वीकारली, तर भाषेबरोबर ही आकृतीही हरवते.

खारे आणि गोडे

किनाऱ्यावर आणखी एक मर्यादा आहे. देवबाग ही भूमीची चिंचोळी पट्टी. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी. येथील वाळूत मुरलेले पावसाचे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. घायबेन-हर्झबर्ग तत्त्वानुसार, आदर्श परिस्थितीत समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. याचाच अर्थ, वरची पातळी अर्धा मीटर उतरली तर खालची सीमा कालांतराने सुमारे २० मीटर वर सरकू शकते. पर्यटनवाढीबरोबर पंपाने होणारा उपसा वाढत जातो, तेव्हा नळ बंद ठेवण्याचा उपदेश या प्रश्नाला स्पर्शही करीत नाही. एका आवारातील उपशाचा परिणाम शेजारच्या बावीच्या चवीवर होऊ शकतो, ही जाणीव हाच येथील जलसंवर्धनाचा पहिला पाठ ठरावा.

आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे कठीण जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु रंगविलेले गोडे पाणी काचेच्या भांड्यातील मिठाच्या पाण्यावर अलगद ओतल्यास ते वर तरंगते, हे मूल डोळ्यांनी पाहू शकते. संकल्पनेचे नाव त्याला नंतर कळले तरी चालेल.

चमत्कार की कारणमीमांसा?

१६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या बावी आहेत. शालेय सहलीत त्या नवल म्हणून दाखविल्या जातात. चौफेर खारे पाणी असता मध्ये गोडे कसे, हा प्रश्न तेथेच विचारला, तर इतिहास व विज्ञान एकत्र येतील. मालवण तालुक्यातीलच धामापूर तलाव नागेश देसाई व ग्रामस्थांनी १५३० साली बांधला. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० साली त्यास जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. त्याचे महत्त्व पुरातनतेइतकेच सामूहिकतेत आहे. पाणी थांबविणे हे एकट्याचे नव्हे, गावाचे काम असते, हे त्यातून शिकविता येते.

वेळापत्रकाचा अडसर

एक विसंगती मात्र फारशी चर्चिली जात नाही. शैक्षणिक वर्ष जूनच्या मध्यास, म्हणजे पाऊस सुरू होताना आरंभ करण्याची राज्यात प्रथा आहे. बाव आटते ती मे महिन्यात, शाळेला सुटी असताना. परिणामी टंचाईचा महिना वर्गात कधीच अवतरत नाही. यावर उपाय साधा आहे. वीत-वीत अंतरावर गाठी मारलेल्या दोरीने, शिक्षक वा पालकांच्या देखरेखीखाली, कठडा असलेल्या बावीची पातळी दरमहा मोजावी आणि मे महिन्याची नोंद घरच्यांच्या मदतीने मुलांनी आणावी. चौथीच्या अखेरीस वर्गाकडे दोन वर्षांचा आलेख असेल आणि तो कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

निष्कर्ष

राज्यस्तरीय पाठ्यपुस्तकाने प्रत्येक गावाचे पाणी सांगावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. ती उणीव भरून काढण्याची क्षमता शिक्षकात निर्माण करणे मात्र शक्य आहे आणि येथे महाविद्यालयांची जबाबदारी सुरू होते. भूगोल, रसायनशास्त्र व मराठी या विभागांनी परिसरातील शाळांसोबत बावींच्या पातळीची, क्षारतेची व जलविषयक बोलीशब्दांची नोंद केली, तर बहुविद्याशाखीय अध्ययनाला प्रत्यक्ष आशय लाभेल. जलशिक्षणाची कसोटी मुलाने किती घोषवाक्ये पाठ केली ही नसून आपल्या बावीत पाणी कोठून येते, ते कोठे जाते आणि त्यावर आणखी कोणाचा हक्क आहे, हे त्याला सांगता येते काय, ही होय.