आरसा गेला, मूठ राहिली

छायाचित्रांवर आपण लिहितो, छायाचित्रकारांवरही लिहितो. पण ज्या वस्तूने छायाचित्र काढले तिच्या घडणीची समीक्षा क्वचितच होते. मिररलेस कॅमेऱ्याच्या आगमनाने ती करण्याची संधी दिली आहे. ही घडण कोणासाठी झाली, हा माझा प्रश्न आहे.

एसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वर लोलकात आणि तिथून डोळ्याकडे जातो. आरसा हलायला जागा हवी, म्हणून निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये भिंगाचे कडे आणि सेन्सर यांत ४६.५ मिलिमीटर अंतर असे. २०१८ च्या झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटरवर आले. जाडी ही आरशाची गरज होती, पण तिचा लाभ हाताला मिळत होता.

आरसा गेल्यावर रचनाकारांना मोकळीक मिळाली. तिचा पहिला उपयोग त्यांनी शरीर आक्रसण्यासाठी केला. २०१३ चा सोनी ए७आर बॅटरीसह ४६५ ग्रॅमचा होता. त्याच मालिकेतला २०१९ चा ए७आर ४ मात्र ६६५ ग्रॅमचा झाला. यातला बराच भार मोठ्या बॅटरीचा आणि सेन्सर स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचा आहे. पण मूठही खोल झाली. म्हणजे आधी काढून घेतलेली पकड पुढे सुधारणा म्हणून परत देण्यात आली.

हलकेपणाचा दावाही भिंगासकट तोलला पाहिजे. कॅननचा ५डी मार्क ४ हा ८९० ग्रॅमचा, ईओएस आर ६६० ग्रॅमचा. परंतु २४-७० मिलिमीटरचे एफ २.८ भिंग जुन्या माउंटसाठी ८०५ ग्रॅमचे, तर नव्यासाठी ९०० ग्रॅमचे आहे. नव्या भिंगात प्रतिमा-स्थिरीकरण आहे, हे खरे. तरीही जोडीत उरते ती १३५ ग्रॅमची बचत, आणि तोल पुढे सरकतो. भार मनगटावर येतो.

आमच्या नावडे-पनवेल पट्ट्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना हा फरक रोजचा आहे. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत कॅमेरा हातातच असतो. त्यात निकॉन डी८५० ची बॅटरी प्रमाणित चाचणीत १,८४० फोटो देई. झेड७ ची ३३०. प्रत्यक्षात दोन्ही त्याहून जास्त देतात, पण जादा बॅटऱ्यांचे ओझे आणि खर्च कामगाराच्याच माथी.

मग जुने ते सोने म्हणायचे का? नाही. एसएलआरमध्ये फोटो टिपण्याच्या नेमक्या क्षणी आरसा वर उठतो आणि डोळ्यासमोर काळोख होतो. अंतरपाट दूर होतो तो क्षण टिपणाऱ्यालाच दिसत नाही. २०१७ च्या सोनी ए९ ने हा काळोख घालवला, आणि आवाज न करता फोटो घेण्याची सोयही दिली. मंगलाष्टकांत खटखट न करणारा कॅमेरा हे मोठेच सौजन्य आहे.

माझा निष्कर्ष असा : मिररलेसने डोळ्याला न्याय दिला, पण हाताला तो उशिरा दिला. काचेच्या कपाटात देखणी दिसणारी वस्तू आणि बारा तास धरवणारी वस्तू यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. माहितीपत्रक पहिलीचे गुण मोजते. दुसरीचे मोजायचे असतील, तर दिवसअखेर मनगट चोळणाऱ्या माणसालाच विचारावे लागेल.